राजोद्यान, पाणी आणि नियुक्त रचनाकार : नाशिक परिसराशी नाते असलेल्या दोन मराठी संस्थानिक घराण्यांचा अभ्यास (१८८०-१९३८)

प्रस्तावना

नाशिक शहराच्या पश्चिमेस, गोदावरीच्या काठाने आणि गंगापूर धरणाच्या परिसरात, गेल्या दोन-तीन दशकांत प्रशस्त बंगले, फार्महाऊस व द्राक्षमळ्यांलगतची विश्रामगृहे उभी राहिली. घरामागील मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव, त्याभोवती हिरवळ, दगडी वाटा, शोभेची झाडे आणि या सर्वांची आखणी करण्यासाठी नेमलेला स्वतंत्र रचनाकार, ही गोष्ट आता येथे अपूर्वाईची राहिलेली नाही. हा सारा प्रकार अलीकडचा व पाश्चात्त्य अनुकरणातून आलेला आहे, असा समज सामान्यतः आढळतो. विलासी उद्यानासाठी दूरदेशीचा तज्ज्ञ बोलावणे, त्याला मोबदला देणे आणि त्याच्या आराखड्याप्रमाणे जमीन व पाणी यांची मांडणी करणे या व्यवहाराला मराठी समाजात मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्या इतिहासातील दोन महत्त्वाची घराणी नाशिक परिसराशी जोडलेली आहेत.

बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी आजच्या नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे या गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. इंदूरच्या होळकर घराण्याची स्मृती याच जिल्ह्यातील चांदवड येथे अहिल्याबाईंच्या रंगमहालाच्या रूपाने आजही उभी आहे. या दोन्ही घराण्यांनी १८८० ते १९३८ या काळात आपल्या राजवाड्यांसाठी व उद्यानांसाठी युरोपीय रचनाकार नेमले. त्या नेमणुकांचे स्वरूप परस्परांहून भिन्न होते आणि त्यांचे परिणामही भिन्न झाले. प्रस्तुत निबंधात या नेमणुकांचा तुलनात्मक विचार केला आहे.

अभ्यासाचे सूत्र

उद्यानांच्या इतिहासात सामान्यतः शैलीची चर्चा होते. मोगल चारबाग, इंग्रजी निसर्गोद्यान, फ्रेंच भौमितिक रचना असे वर्गीकरण करून अभ्यासक थांबतात. या निबंधात शैलीपेक्षा नेमणुकीकडे लक्ष दिले आहे. रचनाकार कोणी नेमला, किती काळासाठी नेमला, त्याच्याकडे कोणते अधिकार होते आणि तो गेल्यानंतर त्याची विद्या कोणाकडे राहिली, या प्रश्नांच्या अनुषंगाने उपलब्ध माहितीची मांडणी केली आहे. उद्यानाला लागणारे पाणी कोठून आले आणि त्या पाण्यात इतरांचा वाटा किती होता, हा प्रश्न या सर्वांच्या मुळाशी आहे. विलासी उद्यानाचे मूल्यमापन आराखड्याच्या सौंदर्यावर करून भागत नाही. पाण्याची व्यवस्था व विद्येचे हस्तांतरण हे त्याचे खरे निकष ठरतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

पूर्वपीठिका : नदीकाठचे वाडे आणि हौदांचे पाणी

पेशवेकाळात नाशिक हे तीर्थक्षेत्र असण्याबरोबरच पेशवे कुटुंबीयांचे निवासस्थानही होते. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांनी आपल्या उत्तरायुष्याचा काळ नाशिकजवळील गंगापूर येथे काढला. रघुनाथराव व आनंदीबाई यांचे वास्तव्य आनंदवल्ली येथे होते. ही दोन्ही स्थळे गोदावरीच्या काठावर आहेत. वाड्यासाठी जागा निवडतानाच पाण्याचा प्रश्न सोडवलेला असे. नदी, विहीर, मोट आणि पाट यांच्या मर्यादेत जेवढी बाग फुलेल तेवढीच लावण्याची ही रीत होती.

पुण्यात परिस्थिती वेगळी होती. वाढत्या शहराला नदीचे पाणी पुरेसे नव्हते. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रज येथे तलाव बांधून तेथून दगडी नळाने पाणी शहरात आणले गेले. हे पाणी शनिवारवाड्यात पोहोचले, तसेच वाटेवरील व शहरातील सार्वजनिक हौदांतही पोहोचले. पुढे सवाई माधवरावांच्या बालपणी शनिवारवाड्यात बांधलेले हजारी कारंजे हा पेशवाईतील विलासाचा सर्वपरिचित नमुना होय. परंतु वाड्यातील पाणी ज्या व्यवस्थेतून येत होते तीच व्यवस्था शहरातील सामान्य माणसाची घागरही भरत होती, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. शनिवारवाड्याच्या बांधकामाच्या संदर्भात सुतार, पाथरवट, चित्रकार यांची नावे इतिहासात उल्लेखिली जातात. त्यांत उद्यानरचनाकार हे स्वतंत्र पद ठळकपणे पुढे येत नाही. बागेची आखणी ही माळ्यांच्या व गवंड्यांच्या सामूहिक ज्ञानाचा भाग होती.

सयाजीरावांचा जन्म ज्या प्रदेशात झाला त्या प्रदेशातही पाणीवाटपाची स्वतःची परंपरा होती. मोसम, गिरणा, आरम, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धती चालत आली. नदीवर लहान बंधारा घालून पाटाने पाणी काढावयाचे, जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी देण्याचे काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे सोपवावयाचे, अशी ही व्यवस्था होती. आपल्या शेताला आपल्या हाताने पाणी घेण्याची मुभा शेतकऱ्याला नसे. पाऊस कमी झाला की फडांची संख्या कमी केली जाई आणि तूट सर्वांनी वाटून घेतली जाई. पाटकरी हा एका अर्थाने गावाने नेमलेला पाण्याचा रचनाकारच होता. त्याची निष्ठा एका शेताशी बांधलेली नसे. ती संपूर्ण पाटाशी असे.

बडोदा : पहिली नेमणूक (१८८०-१८९०)

मल्हारराव गायकवाड यांना १८७५ मध्ये पदच्युत केल्यानंतर महाराणी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावास दत्तक घेतले आणि त्याचे नाव सयाजीराव असे ठेवले. त्यांच्या अल्पवयीन काळात राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता. सयाजीरावांना पूर्ण अधिकार २८ डिसेंबर १८८१ रोजी मिळाले. या तारखेला येथे महत्त्व आहे. बडोद्यातील लक्ष्मी विलास राजवाड्याची पायाभरणी १८८० मध्ये झाली व विश्वामित्री नदीकाठचा कमाटी बाग, म्हणजे आजचा सयाजी बाग, १८७९ मध्ये अस्तित्वात आला. दोन्ही गोष्टींचा आरंभ महाराजांच्या हाती सत्ता येण्यापूर्वीचा आहे. तरुण राजाच्या वाट्याला आलेला राजवाडा हा त्याच्या इच्छेपेक्षा दिवाणाच्या व ब्रिटिश सल्लागारांच्या प्रतिष्ठाविषयक कल्पनांतून निघालेला होता.

राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मॅन्ट यांनी केला. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्याप्रमाणे बांधला गेला. हिंदू, इस्लामी व युरोपीय वास्तुघटकांचे मिश्रण करणाऱ्या इंडो-सारासेनिक शैलीचे ते आद्य पुरस्कर्ते मानले जातात. १८८१ मध्ये मॅन्ट यांचे निधन झाले आणि उर्वरित काम मद्रास येथे कीर्ती मिळवलेल्या रॉबर्ट चिझोम यांच्याकडे गेले. राजवाडा १८९० मध्ये पूर्ण झाला. इमारतीच्या रचनाकाराचा असा मध्येच बदल होऊनही काम तडीस गेले, कारण आराखडा कागदावर होता आणि दुसरा कुशल वास्तुविशारद तो वाचू शकत होता. उद्यानाच्या बाबतीत मात्र असे घडणे अवघड असते. इमारत पूर्ण झाली की रचनाकाराचे काम संपते. उद्यान लावून झाले की त्याचे काम सुरू होते.

लक्ष्मी विलासच्या विस्तीर्ण आवाराची आखणी करण्यासाठी विल्यम गोल्डरिंग यांना बोलावण्यात आले. १८५४ मध्ये जन्मलेले गोल्डरिंग लंडनजवळील क्यू येथील राजकीय वनस्पती उद्यानात काम करून पुढे आले होते. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७१ मध्ये सुरू केलेल्या 'द गार्डन' या साप्ताहिकाच्या संपादन विभागातही त्यांनी काम केले होते. रॉबिन्सन हे व्हिक्टोरियन काळातील भौमितिक ताटवे व काचगृहात वाढवलेल्या नाजूक रोपांचे कठोर टीकाकार होते. जी झाडे त्या हवेत व त्या मातीत स्वतःच्या बळावर टिकतात ती लावावीत, हे त्यांच्या विचाराचे सार होय. गोल्डरिंग याच वर्तुळातील होते. पुढे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून इंग्लंडमधील अनेक उद्यानांची आखणी त्यांनी केली.

गोल्डरिंग यांचे बडोद्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीचे आहे. सयाजीरावांनी १८८७ मध्ये युरोपचा पहिला प्रवास केला होता. युरोपीय उद्याने प्रत्यक्ष पाहिलेला ग्राहक आणि युरोपीय उद्यानकलेच्या नव्या विचारातून आलेला रचनाकार असा हा योग होता. तथापि या नेमणुकीचे स्वरूप मर्यादित राहिले. तज्ज्ञ येतो, जागा पाहतो, आखणी करून देतो आणि परत जातो, असा हा व्यवहार होता. 'हवामानाला मानवेल ते लावावे' हे रॉबिन्सन यांचे सूत्र इंग्लंडच्या पावसात जितके सुलभ तितके गुजरातच्या उन्हाळ्यात नाही. वैशाख-ज्येष्ठात हिरवळ हिरवी ठेवणे हे सूत्राने होत नसून पाण्याने होते. ते पाणी आणण्याचे काम उद्यानरचनाकाराच्या नेमणुकीत अंतर्भूत नव्हते.

आजवा जलाशय आणि दुसऱ्या रचनाकाराचे स्मरण

ज्या दशकात लक्ष्मी विलास उभा राहिला त्याच दशकात बडोदा शहराच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरवर आजवा येथे एक मोठा जलाशय बांधला जात होता. हे काम १८८५ मध्ये सुरू झाले आणि शतकाच्या अखेरच्या दशकाच्या आरंभी शहरास नळाने पाणी मिळू लागले. जलाशयास सयाजी सरोवर हे नाव देण्यात आले. ही योजना जगन्नाथ सदाशिवजी हाटे या अभियंत्याच्या नावाशी निगडित आहे. जलाशयाची जागा शहरापेक्षा उंच असल्याने पाणी गुरुत्वाकर्षणाने शहराकडे वाहत येई.

राजवाड्याच्या इतिहासात मॅन्ट व चिझोम यांचा आणि उद्यानाच्या इतिहासात गोल्डरिंग यांचा उल्लेख आवर्जून होतो. हाटे यांचे नाव त्या तुलनेत क्वचितच घेतले जाते. वस्तुतः बडोद्यासारख्या शहरात कोणतेही उद्यान, कोणतेही कारंजे किंवा कोणताही शोभेचा तलाव दीर्घकाळ टिकावयाचा तर त्यामागे अशी खात्रीची जलव्यवस्था असावी लागते. आराखडा काढणारा हात आणि पाणी आणणारा हात हे दोन निरनिराळे असतात व स्मृतीत बहुधा पहिलाच राहतो. कात्रजच्या नळाप्रमाणेच आजव्याचे पाणीही शहरासाठी होते, ही सातत्याची रेषा येथे स्पष्ट दिसते. राजाच्या प्रतिष्ठेला लागणारा खर्च आणि प्रजेच्या तहानेला लागणारा खर्च एकाच दशकात, एकाच राज्याने केला.

या चित्राची दुसरी बाजू दुर्लक्षिता येत नाही. १८९९-१९०० या वर्षी गुजरातेत 'छप्पनिया' म्हणून ओळखला जाणारा भीषण दुष्काळ पडला. बडोदा राज्याची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे १९ लाख ५३ हजारांपर्यंत उतरली. दुष्काळ व त्याबरोबर आलेल्या रोगराईने राज्याची जवळजवळ एकपंचमांश माणसे कमी झाली. राजधानीला जलाशय मिळाला होता. खेडी मात्र पावसाच्या भरवशावर होती. बडोद्याच्या उद्यानांचे कौतुक करताना या आकड्यांचे भान ठेवावे लागते. शहराचा विलास व शहराची तहान एका नळाने जोडली गेली तरी राज्याच्या सीमेपर्यंत तो नळ पोहोचला नव्हता.

बडोदा : दुसरी नेमणूक (१८९३-१९०८)

१८९३ मध्ये बडोदा राज्याने गुस्ताव्ह हर्मान क्रुम्बिगेल यांना उद्यानांच्या व्यवस्थेसाठी नेमले. १८६५ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन शहराजवळ जन्मलेल्या क्रुम्बिगेल यांचे शिक्षण पिल्निट्झ येथे झाले. पुढे ते इंग्लंडला गेले आणि क्यू येथील उद्यानातही त्यांनी काम केले. गोल्डरिंग व क्रुम्बिगेल हे दोघेही क्यू उद्यानाच्या परंपरेतील. परंतु त्यांच्या नेमणुकांत मूलभूत फरक होता. गोल्डरिंग हे आखणीपुरते आलेले सल्लागार होते. क्रुम्बिगेल हे राज्याचे पगारी सेवक होते व सुमारे पंधरा वर्षे त्यांनी बडोद्यात काम केले. त्यांच्या जबाबदारीत राज्याच्या वनस्पती उद्यानाची निगा होती.

हा बदल सयाजीरावांच्या एकूण धोरणाशी सुसंगत होता. १८९३ याच वर्षी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. १९०६ मध्ये तो राज्यभर लागू झाला. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था निघाली होती. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले, हा नाशिक व बडोदा यांतील आणखी एक दुवा होय. १९१० मध्ये ग्रंथालयांच्या उभारणीसाठी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना बोलावण्यात आले. तीन वर्षांत त्यांनी व्यवस्थेची घडी बसवली, स्थानिक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले आणि ते परतल्यावर ग्रंथालय विभागाची धुरा जनार्दन कुडाळकर यांच्याकडे आली. परदेशी तज्ज्ञ नेमावा, त्याच्याकडून संस्था उभी करून घ्यावी आणि पुढे स्थानिक माणसाने ती चालवावी, असे हे धोरण होते.

क्रुम्बिगेल यांच्या पुढील कार्यावरून या पद्धतीचे फळ दिसते. १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानच्या सेवेत गेले व बंगळूरच्या लालबागेचा कारभार त्यांच्याकडे आला. वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत एकामागून एक वृक्ष बहरत राहतील अशा बेताने बंगळूरच्या रस्त्यांवर झाडे लावण्याची कल्पना त्यांच्या नावाशी जोडली जाते. कृष्णराजसागर धरणाखालील वृंदावन उद्यानाच्या आखणीतही त्यांचा सहभाग होता. १९३२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर लालबागेची सूत्रे एच. सी. जवरय्या यांच्याकडे आली आणि नंतर एम. एच. मरिगौडा यांनी ही परंपरा पुढे नेली. विदेशी रचनाकाराची विद्या भारतीय उद्यानतज्ज्ञांच्या पिढीत उतरली. ज्या व्यवसायात रोप लावणारा आणि सावलीत बसणारा बहुधा एकच नसतो, त्यात हे हस्तांतरण सर्वांत मोलाचे ठरते.

इंदूर : माणिकबाग आणि न झालेला जलमंदिराचा संकल्प

होळकर घराण्याचा अनुभव वेगळा आहे. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकीर्दीत स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी इंदूरचा अभ्यास केला व १९१८ मध्ये दरबारास आपला विस्तृत अहवाल दिला. त्यापूर्वी १९१६ मध्ये त्यांनी बडोद्याविषयीही अहवाल लिहिला होता. गेडीस यांची पद्धत पायी फिरून शहर वाचण्याची होती. जुने तलाव बुजवू नयेत, आहे ते सुधारून घ्यावे, पाडापाड कमीत कमी करावी, असा त्यांचा आग्रह असे. त्यांची नेमणूक संपूर्ण शहरासाठी होती.

१९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडल्यावर यशवंतराव होळकर (दुसरे) गादीवर आले व १९३० मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. ऑक्सफर्ड येथे शिकत असताना त्यांचा परिचय एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी झाला. १९०४ मध्ये जन्मलेले मुथेसियस हे इंग्रजी निवासवास्तूंचे प्रसिद्ध अभ्यासक हर्मान मुथेसियस यांचे पुत्र. ग्राहक व रचनाकार दोघेही पंचविशीच्या आसपासचे होते. १९३० नंतरच्या काही वर्षांत इंदूर येथे माणिकबाग राजवाडा आधुनिक शैलीत सिद्ध झाला. इमारत, दिवे, फर्निचर, दाराच्या मुठी येथपर्यंत सर्व गोष्टींत रचनाकाराची दृष्टी होती. आर्ट डेको व आधुनिक शैलीचा तो भारतातील उत्कृष्ट नमुना समजला जातो.

याच काळात यशवंतरावांनी पॅरिसमध्ये राहणारे रुमानियन शिल्पकार कॉन्स्टन्टिन ब्रांकुशी यांच्या 'अवकाशातील पक्षी' या मालिकेतील तीन शिल्पे घेतली : एक ब्राँझचे, एक पांढऱ्या व एक काळ्या संगमरवराचे. ही शिल्पे ठेवण्यासाठी राजवाड्याच्या उद्यानात एक ध्यानमंदिर बांधावे, असा संकल्प पुढे आला. उपलब्ध वर्णनांनुसार या मंदिरात पाण्याचे कुंड असावयाचे होते, त्यात पक्ष्यांचे प्रतिबिंब पडावयाचे होते आणि प्रवेश भुयारी मार्गाने व्हावयाचा होता. ब्रांकुशी १९३७ च्या अखेरीस स्वतः इंदूरला आले व १९३८ च्या आरंभी परतले. मंदिर मात्र बांधले गेले नाही. महाराणी संयोगिताबाई यांचे १९३७ मध्येच निधन झाले होते. ज्या दांपत्याच्या अभिरुचीतून हा संकल्प निघाला तेच दांपत्य तुटले होते आणि संकल्पाला दुसरा आधार नव्हता.

पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. माणिकबागेतील फर्निचर १९८० मध्ये मोनाको येथे लिलावात गेले. राजवाड्याच्या इमारतीत केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचे कार्यालय आले. दोन संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहेत, तर ब्राँझचा पक्षी अमेरिकेतील पासाडेना येथे आहे. कुंड कधी खणलेच गेले नाही. याच यशवंतरावांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेला यशवंत सागर हा जलाशय मात्र इंदूरला पाणी पुरवत राहिला. एकाच राजाच्या दोन जलसंकल्पांपैकी जो शहरासाठी होता तो टिकला व जो एका दांपत्याच्या ध्यानासाठी होता तो कागदावर राहिला.

तुलनात्मक विवेचन

वरील नेमणुकांतून तीन प्रकार समोर येतात. पहिला प्रकार सल्लागाराचा. गोल्डरिंग यांच्यासारखा तज्ज्ञ आखणी देतो. निगेची जबाबदारी मालकाच्या नोकरांवर राहते. दुसरा प्रकार सेवकाचा. क्रुम्बिगेल यांच्यासारखा तज्ज्ञ वर्षानुवर्षे त्याच मातीत राहतो, आपल्या चुका आपणच दुरुस्त करतो व शिष्य तयार करतो. तिसरा प्रकार स्नेह्याचा. मुथेसियस व ब्रांकुशी यांच्या बाबतीत नेमणुकीचा आधार दोन व्यक्तींची समान अभिरुची हा होता. कलेच्या दृष्टीने तिसऱ्या प्रकारातून अत्युच्च दर्जाची निर्मिती झाली, हे मान्य करावे लागते. परंतु व्यक्ती बाजूला होताच निर्मितीचा आधारही गेला.

या तिन्ही प्रकारांत माळी, पाटकरी, गवंडी यांचे स्थान जवळजवळ अदृश्य राहिले. रोप कधी लावावे, आळे किती खोल करावे, कोणत्या महिन्यात पाणी तोडावे, हे ज्ञान त्यांच्याकडे होते. आराखड्यावर त्यांची स्वाक्षरी नसते, म्हणून इतिहासातही त्यांची नोंद होत नाही. उद्यानांच्या पुढील अभ्यासात दरबारी हिशेब, पगारपत्रके व बागखात्याचे दप्तर यांकडे या दृष्टीने पाहिले गेले पाहिजे. तसे झाल्यास रचनाकार या शब्दाची व्याप्ती बदलेल.

नाशिकच्या वर्तमानाशी संबंध

या इतिहासाचा नाशिकच्या आजच्या स्थितीशी निकटचा संबंध आहे. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल अशा घरगुती तलावात ७५ घनमीटर, म्हणजे ७५ हजार लिटर पाणी मावते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हा सर्वपरिचित निकष धरला तर पाच माणसांच्या कुटुंबास हे पाणी सुमारे १११ दिवस पुरेल. गाळणी यंत्रणेमुळे तेच पाणी पुन्हा वापरता येते. तथापि उन्हाळ्यातील बाष्पीभवनाची व गाळणी धुण्याची तूट भरून काढावीच लागते. भोवतीच्या हिरवळीला लागणारे पाणी वेगळेच.

१९६५ मध्ये पूर्ण झालेले गंगापूर धरण हे नाशिकच्या पाण्याचा मुख्य आधार आहे. त्याच खोऱ्यातील पाण्यावर खालच्या बाजूस जायकवाडी व मराठवाडा यांचाही हक्क आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यानंतर समन्यायी वाटपाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. २०१६ च्या एप्रिलमध्ये खुद्द रामकुंड कोरडे पडले होते. ज्या कुंडात स्नानासाठी देशभरातून भाविक येतात तेथे पाणी नसावे आणि त्याच नदीच्या वरच्या अंगास खासगी तलाव भरलेले असावेत, ही विसंगती कायद्याने सुटण्यापूर्वी नेमणुकीच्या टप्प्यावरच विचारात घेता येते. महानगरपालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव असंख्य नागरिकांना एकाच पाण्यात पोहण्याची सोय देतो. खासगी तलावाचे मोल ठरवताना ही तुलनाही करावयास हवी.

आज उद्यानरचनाकार नेमणारा बंगलेमालक हा राजा नाही आणि त्याच्या उद्यानावर राज्याचा खजिना खर्च होत नाही. तरीही पाणी मात्र सर्वांचेच आहे. म्हणून पाण्याचा स्रोत कोणता, सांडपाणी शुद्ध करून बागेला वापरले जाणार आहे काय, टंचाईच्या वर्षी कोणता भाग प्रथम कोरडा ठेवावयाचा आणि निगा शिकलेला माणूस मागे राहील काय, हे चार प्रश्न आराखड्याच्या रंगरूपाआधी विचारले जाणे आवश्यक आहे. फड पद्धतीतील पाटकऱ्याला यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे ठाऊक होती.

निष्कर्ष

१. विलासी उद्यानासाठी परदेशी रचनाकार नेमण्याची प्रथा मराठी संस्थानिकांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्थिर झाली होती. आजची नाशिक परिसरातील प्रथा ही तिचीच विस्तारित व खासगी आवृत्ती होय.

२. बडोद्यात सल्लागाराकडून सेवकाकडे झालेला बदल हा उद्यानाच्या टिकाऊपणाच्या दृष्टीने निर्णायक होता. नेमणुकीचा कालावधी व प्रशिक्षणाची सोय यांवर विद्येचे हस्तांतरण अवलंबून राहिले.

३. कात्रजचा नळ, आजवा जलाशय व यशवंत सागर या तिन्ही उदाहरणांत सार्वजनिक जलव्यवस्था खासगी विलासापेक्षा दीर्घायुषी ठरली. इंदूरचे नियोजित कुंड हे याच्या उलट बाजूचे उदाहरण होय.

४. सार्वजनिक जलव्यवस्थाही राजधानीपुरती मर्यादित राहिल्यास तिचे नैतिक मूल्य अपुरे ठरते, हे १८९१ व १९०१ च्या बडोदा राज्यातील लोकसंख्येच्या आकड्यांवरून दिसून येते.

कवळाण्यासारख्या अवर्षणप्रवण भागातील गावात जन्मलेल्या मुलाच्या राजवाड्याभोवती क्यू उद्यानाच्या तज्ज्ञाने हिरवळ आखली. त्याच मुलाच्या राज्यात एका अभियंत्याने शहरासाठी जलाशय बांधला. या दोन कामांपैकी कोणत्या कामामुळे दुसरे शक्य झाले, याचे उत्तर उद्यानाच्या आराखड्यात मिळत नाही. ते आजव्याहून शहराकडे वाहत आलेल्या पाण्यात मिळते.